शिक्षकाचा रोजचा विसावा

पुण्यात १८४८ साली मुलींची शाळा सुरू झाली, तेव्हा शाळेकडे जाणाऱ्या सावित्रीबाई फुले यांच्या अंगावर वाटेत शेण व चिखल फेकला जाई. म्हणून त्या एक जादा लुगडे सोबत ठेवीत आणि शाळेत पोहोचल्यावर ते नेसून मगच मुलींसमोर उभ्या राहत, अशी आठवण सांगितली जाते. या आठवणीतून आपण धैर्याचा धडा घेतो आणि तो योग्यच आहे. परंतु तिच्यात व्यवहाराचाही एक धडा आहे. रस्त्यावर झालेल्या अपमानाचा डाग वर्गापर्यंत जाऊ नये, याची सोय त्यांनी घरातून निघतानाच करून ठेवलेली असे.

शिक्षकाच्या ताणाविषयी लिहिताना मला ही आठवण प्रथम येते. आज शिक्षकाच्या अंगावर कोणी चिखल टाकीत नाही. तरीही वर्गात पाऊल ठेवताना त्याच्या मनावर बरेच काही साचलेले असते. ते उतरवून ठेवण्याची जागा त्याला मिळाली नाही, तर ते समोरच्या मुलावर उतरते. म्हणून शिक्षकाच्या विसाव्याचा प्रश्न हा शिक्षकाइतकाच विद्यार्थ्याचाही आहे.

हे मी पुस्तक वाचून लिहीत नाही. अनेक वर्षांपूर्वी एका निवासी शाळेत मी गणित शिकवीत होतो आणि वसतिगृहाची रात्रपाळीही माझ्याकडे होती. फेब्रुवारीचा महिना, दहावीचे जादा तास, सराव परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा आणि सलग नववी रात्र. मध्यरात्रीनंतर सहावीतला एक मुलगा दाराशी आला. त्या आठवड्यात तो तिसऱ्यांदा येत होता. ‘गुरुजी, पोट दुखतंय,’ एवढेच तो म्हणाला. मी दार पुरते उघडलेही नाही. ‘रोज तुझं एकच नाटक,’ असे मोठ्याने ओरडून मी त्याला परत पाठविले. सकाळी कळले की त्याचे अंथरूण ओले झाले होते आणि त्याला फक्त एक कोरडी चादर हवी होती. ते सांगण्याची लाज वाटली म्हणून त्याने पोटाचे नाव घेतले होते. त्यानंतर वर्षभर तो माझ्या दाराशी कधी आला नाही. मला तो मुलगा आवडत होता, हे सांगून आज काही उपयोग नाही. त्या रात्री माझ्यात शिक्षक उरलाच नव्हता.

ताण म्हणजे काय?

हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाने १९३६ साली एक महत्त्वाचे निरीक्षण मांडले. कारणे वेगवेगळी असली, थंडी असो, इजा असो वा अतिश्रम, तरी त्यांना तोंड देताना शरीर बऱ्याच अंशी एकाच पद्धतीने वागते. प्रथम ते सावध होते, मग नेटाने टिकून राहते आणि कारण दूर झालेच नाही तर अखेरीस थकून जाते. थोडा ताण उपयोगी असतो. पाठ घेण्यापूर्वीची हुरहुर शिक्षकाला तयारी करायला लावते. घातक असतो तो न उतरणारा ताण.

रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ साली नोकरीतील ताणाचे विश्लेषण केले. त्यांच्या मांडणीनुसार केवळ काम जास्त असल्याने माणूस खचत नाही. काम जास्त आणि ते कसे व केव्हा करावे यावर स्वतःचा अधिकार कमी, अशा ठिकाणी तो अधिक खचतो. आपल्या शिक्षकाची स्थिती पुष्कळदा अशीच असते. वेळापत्रक, अभ्यासक्रम, परीक्षा, ऐनवेळी मागितलेली माहिती, यांपैकी फारच थोडे त्याच्या हाती असते. निकालाचा जाब मात्र त्यालाच द्यावा लागतो.

सेवेच्या कामात माणूस आतून करपून जातो, या अवस्थेला इंग्रजीत ‘बर्नआउट’ म्हणतात. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ साली तिच्याविषयी लिहिले आणि पुढे ख्रिस्तिना मास्लाक यांनी तिच्या तीन खुणा निश्चित केल्या. पहिली खूण, सुट्टी घेऊनही न जाणारा मानसिक थकवा. दुसरी, ज्यांच्यासाठी काम करायचे त्यांच्याविषयीच कोरडेपणा. तिसरी, आपण केलेल्या कामाला काही अर्थ नाही अशी भावना. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली या अवस्थेची नोंद रोग म्हणून न करता नोकरीशी निगडित अवस्था म्हणून केली. याचा अर्थ असा की तिचे उत्तर केवळ त्या व्यक्तीत शोधून चालत नाही, कामाच्या जागेतही शोधावे लागते. दुसरी खूण मला विशेष महत्त्वाची वाटते. शिक्षक मुलांचा उल्लेख नावाऐवजी ‘ही कार्टी’, ‘हा गठ्ठा’ असा करू लागला, की त्याला उपदेशाची नव्हे, विश्रांतीची गरज आहे असे सहकाऱ्यांनी समजावे.

शरीराचा विसावा

शिक्षकाचे पहिले साधन खडू नाही, आवाज आहे. बोलताना स्वरतंतू सेकंदाला शंभरावर वेळा एकमेकांवर आपटतात. स्त्रियांच्या आवाजात हे प्रमाण सुमारे दोनशे असते. दिवसभराचे पाच-सहा तास धरले तर त्या कोवळ्या पडद्यांवर किती भार पडतो याची कल्पना यावी. म्हणून काही साध्या सवयी अंगी बाणवाव्यात. वर्ग शांत करण्यासाठी ओरडू नये. टाळी, छोटी घंटा किंवा वर केलेला हात यांची खूण मुलांना पहिल्याच आठवड्यात शिकवावी. फळ्याकडे तोंड करून बोलू नये, कारण मग आवाज उगाच चढवावा लागतो. दर तासाला दोन घोट पाणी घ्यावे. घसा सारखा खाकरू नये. त्याऐवजी आवंढा गिळावा. फळा कोरड्या डस्टरऐवजी ओल्या फडक्याने पुसल्यास धूळ कमी उडते. आवाज बसला असता कुजबुजत बोलण्यापेक्षा पूर्ण मौन अधिक हिताचे. तीन आठवड्यांनंतरही घोगरेपणा गेला नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवावे. केवळ काढ्यावर वेळ काढू नये.

दुसरा भार पायांवर पडतो. चालताना पोटरीचे स्नायू आखडतात आणि पायातील रक्त वर हृदयाकडे ढकलतात. एका जागी ताटकळत उभे राहिले की हे काम मंदावते, पाय जड होतात, सुजतात आणि शिरा फुगण्याची प्रवृत्ती असेल तर ती वाढते. म्हणून शिकविताना वर्गात फिरावे. फळ्याशी उभे असताना मधूनमधून टाचा उचलाव्यात. घरी आल्यावर दहा मिनिटे पाठीवर पडून पाय भिंतीला टेकवून वर ठेवावेत. वर्गात बसून शिकविणे म्हणजे आळस, ही समजूत आता सोडून द्यावी. मुले लिहीत असताना शिक्षक खुर्चीवर बसला तर शिक्षणाचे काही बिघडत नाही.

तिसरी गोष्ट सहसा बोलली जात नाही. अनेक शिक्षिका शाळेच्या वेळात पाणी पीतच नाहीत, कारण स्वच्छ व दार लागणारे स्वच्छतागृह जवळ नसते. पाणी कमी पिणे आणि लघवी तासन्‌तास रोखून धरणे यांमुळे मूत्रमार्गाच्या संसर्गाचा धोका वाढतो, डोके दुखते, आवाजही कोरडा पडतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेच्या इमारतीसाठी मुलगे व मुली यांची स्वतंत्र स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, स्वयंपाकघर, क्रीडांगण आणि कुंपण यांचा उल्लेख आहे. शिक्षकांच्या विश्रांतीच्या खोलीचा मात्र नाही. कायद्याने जे लिहिले नाही, ते संस्थेने आणि समाजाने आपणहून करावयाचे असते.

मनाचा विसावा

दोन तासिकांमधील दोन-तीन मिनिटे हा शिक्षकाच्या हातातला सर्वांत मोठा ठेवा आहे. त्या वेळात करता येण्याजोगा सर्वांत सोपा उपाय श्वासाचा. ताठ पण सैल बसावे. मनात चार आकडे मोजत श्वास घ्यावा, सहा आकडे मोजत सोडावा. असे आठ-दहा वेळा करावे. श्वास सोडताना हृदयाची गती स्वाभाविकपणे किंचित मंदावते. उच्छ्‌वास लांबविला की शरीराला स्वस्थतेकडे नेणाऱ्या मज्जातंतूंना वाव मिळतो. श्वास रोखून धरण्याची आवश्यकता नाही. चक्कर येऊ लागल्यास थांबून नेहमीसारखा श्वास घ्यावा. आपल्या विद्यार्थ्यांना आनापानाचा परिचय असतोच. ज्या मुलांना आपण सकाळी डोळे मिटून श्वासाकडे पाहायला सांगतो, त्यांच्यासमोर बसून त्या वेळी हजेरीपटावर सह्या करणाऱ्या शिक्षकाने एवढे केले तरी पुरे, की त्यानेही मुलांबरोबर डोळे मिटावेत.

दुसरा उपाय एडमंड जेकबसन या अमेरिकन वैद्याने विकसित केला. त्याचा त्यावरील ग्रंथ १९२९ साली प्रसिद्ध झाला. अंथरुणावर पडल्यावर पायाच्या बोटांपासून सुरुवात करून एकेक स्नायू पाच सेकंद घट्ट आवळावा आणि मग एकदम सैल सोडावा. पाय, पोटऱ्या, मांड्या, पोट, मुठी, खांदे, जबडा, कपाळ असा क्रम ठेवावा. आपला जबडा दिवसभर आवळलेला होता हे पुष्कळांना तो सैल सोडल्यावरच कळते.

तिसरा उपाय दिवस मिटविण्याचा. शाळेतून निघताना उद्याची तीन कामे कागदावर लिहावीत आणि कागद टेबलाच्या खणात ठेवावा. जे कागदावर उतरले, ते रात्री डोक्यात घोळण्याचे कारण कमी होते. वह्या तपासण्याचा हिशेबही एकदा मांडून पाहावा. पन्नास मुलांची एकेक वही पाच मिनिटांत तपासायची म्हटली, तर अडीचशे मिनिटे, म्हणजे चार तासांहून अधिक वेळ लागतो. हे काम एका बैठकीत घरी नेऊन करण्यापेक्षा रोज बारा-तेरा वह्या वर्गातच, मुलाला शेजारी बसवून तपासाव्यात. चूक त्याला तिथल्या तिथे समजते आणि शिक्षकाची संध्याकाळ वाचते.

चौथा उपाय छंदाचा. शिक्षकाच्या आयुष्यात असे काहीतरी असावे, ज्याची परीक्षा होत नाही आणि ज्याचा अहवाल कोणाला द्यावा लागत नाही. घटनेचे काम, ग्रंथलेखन आणि ढासळती प्रकृती सांभाळीत असलेल्या बाबासाहेबांनी उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतले होते. त्यांच्याइतका वेळेचा काटेकोर माणूस त्या वाद्यावर वेळ घालवितो, याचा अर्थ तो वेळ वाया गेलेला नव्हता.

वीणेच्या तारेचा प्रसंग आपल्या धम्मबांधवांना ठाऊक आहे. सोण नावाचा भिक्खू चंक्रमण करता करता पाय रक्तबंबाळ होईपर्यंत साधना करू लागला आणि अखेर निराश होऊन घरी परतण्याचा विचार करू लागला. तो पूर्वी वीणा वाजवीत असे. तथागतांनी त्याला त्याच्याच वाद्याविषयी विचारले, की तार फार ताणली असता किंवा फार सैल सोडली असता ती नीट वाजते काय? या प्रसंगातील एक गोष्ट सहज निसटते. तथागतांनी सोणाचा उत्साह खोटा ठरविला नाही आणि त्याला दोषही दिला नाही. त्यांनी त्याच्या जखमी पायांची दखल घेतली. आपल्या संस्थांमध्ये ‘त्याग’ आणि ‘समर्पण’ हे शब्द आपण शिक्षकांसाठी मुक्तहस्ते वापरतो. ते वापरताना समोरच्याच्या पायांकडे पाहण्याचे भान आपणांस राहते काय, हा प्रश्न आहे.

संस्थेची जबाबदारी

श्वास आणि व्यायाम यांनी ताण उतरतो. परंतु रोज नव्याने अकारण लादला जाणारा ताण त्यांनी थांबत नाही. शिक्षण हक्क कायद्यात शिक्षकासाठी आठवड्याचे पंचेचाळीस तास गृहीत धरले आहेत आणि त्यांत पाठाच्या तयारीचा वेळही धरलेला आहे. त्याच कायद्याच्या कलम २७ नुसार दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका ही कामे सोडून शिक्षकाला अशैक्षणिक कामाला जुंपता येत नाही. त्याच कायद्याचे कलम १७ मुलाला शारीरिक शिक्षा व मानसिक त्रास देण्यास मनाई करते. ही दोन कलमे एकत्र वाचावीत असे मला वाटते. मुलावर हात उगारू नये, ओरडू नये, ही अपेक्षा पूर्णपणे रास्त आहे. तिला कोणताही अपवाद नको. थकवा हे त्या वर्तनाचे कारण असू शकते, समर्थन नव्हे. मात्र ती अपेक्षा पुरी व्हायची असेल, तर शिक्षकाला त्याची झोपही मिळाली पाहिजे.

निवासी शाळेत ही बाब अधिक तीव्र होते, कारण येथे शाळा सुटत नाही. सायंकाळी घंटा झाली तरी तोच शिक्षक पालक होतो, रात्री तोच परिचारक होतो. प्रौढ माणसाला साधारणपणे सात तासांची झोप आवश्यक असते. म्हणून रात्रपाळी एकाकडे सलग दोन-तीन रात्रींहून अधिक नसावी. रात्री जागलेल्या शिक्षकाला दुसऱ्या दिवशी पहिली तासिका मोकळी असावी. आठवड्यातून एक दिवस त्याला आवाराबाहेर जाण्याची मुभा असावी आणि त्यासाठी कारण विचारले जाऊ नये. शिक्षकांची खोली ही तक्रारींची आणि जुन्या सामानाची जागा न राहता तेथे पंखा, पिण्याचे पाणी, पाठ टेकता येईल अशा खुर्च्या आणि आडवे होण्यासाठी एक खाट असावी. यातील बहुतेक गोष्टींना पैसा फारसा लागत नाही. वेळापत्रक करणाऱ्याचे लक्ष लागते.

पालक आणि माजी विद्यार्थी काय करू शकतात?

पालकांना विनंती अशी, की तातडीचे कारण नसेल तर रात्री शिक्षकाला फोन करू नये. व्हॉट्सॲपच्या गटावर आपल्या मुलाविषयीची तक्रार सर्वांसमोर मांडू नये. ती समक्ष बोलावी. भेटीच्या दिवशी मुलाची चौकशी करताना ‘गुरुजी, तुम्ही कसे आहात?’ एवढेही विचारावे.

माजी विद्यार्थी शाळेला काही द्यावे म्हणून येतात, तेव्हा बहुधा कमान, पुतळ्याचा चौथरा किंवा नावाची पाटी असलेले बाक देण्याची इच्छा व्यक्त करतात. त्या भावनेचा आदरच आहे. परंतु शिक्षिकांसाठी एक स्वच्छ स्वच्छतागृह, मोठ्या वर्गासाठी गळ्यात अडकविण्याचा लहान ध्वनिवर्धक, शिक्षकांच्या खोलीतील पाण्याची टाकी, यांपैकी काही देता आले तर ते रोज उपयोगी पडेल. ज्यांना पैसा देणे शक्य नाही त्यांनी वेळ द्यावा. महिन्यातून एका शनिवारी दोन-तीन माजी विद्यार्थ्यांनी येऊन मुलांना आपल्या व्यवसायाची ओळख करून द्यावी; तेवढा अर्धा दिवस शिक्षकांना मोकळा मिळेल आणि मुलांनाही आपल्यातून पुढे गेलेली माणसे जवळून पाहता येतील.

काही वेळा हे सर्व उपाय अपुरे ठरतात. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप लागत नसेल, कशातच मन रमत नसेल, विनाकारण रडू येत असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर तो दुबळेपणा समजू नये. वैद्यकीय मदत घ्यावी. केंद्र शासनाची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६ असून ती निःशुल्क आहे आणि मराठीतूनही बोलता येते. हा क्रमांक मुलांच्या सूचनाफलकावर लावतो तसा शिक्षकांच्या खोलीतही लावावा.

शेवटी त्या रात्रीकडे परत येतो. मी ओरडलो ही गोष्ट मी मुख्याध्यापकांना स्वतःहून सांगितली. त्यांनी मला उपदेश केला नाही. त्यांनी रात्रपाळीचा तक्ता मागवून घेतला, तो बराच वेळ पाहिला आणि पाळ्या चार जणांत वाटून दिल्या. त्याच आठवड्यात मी वसतिगृहाच्या व्हरांड्यात एक पत्र्याची पेटी ठेवली. तिच्यात धुतलेल्या चादरी आणि काही जुन्या चड्ड्या असत. कुलूप नव्हते, नोंदवही नव्हती. ज्याला गरज असेल त्याने रात्री घ्यावी, ओली वस्तू शेजारच्या बादलीत टाकावी, कोणाला विचारू नये. मी त्या मुलाची क्षमा मागितली, तेव्हा तो मान खाली घालून उभा राहिला आणि काही बोलला नाही. पण पेटीतली वरची चादर अधूनमधून बदललेली दिसे. कोणी नेली हे मी कधी पाहिले नाही. त्या वर्षी मला झोप मात्र चांगली लागू लागली होती, आणि दारावर कोणी टकटक केली तर मी उठून दार पूर्ण उघडीत असे.